आमची वाटचाल: मृगात नवं काही नाही

आम्ही बार्शीत बसून कृषी सेवा केंद्रांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. चौघं जण, दोन खोल्या, कर्ज नाही. सुरुवात फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामिंग भाषेत झाली. तेव्हा व्हॅट होता आणि बिल डॉट मॅट्रिक्सवर कुरकुरत निघायचं. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढायची नाही असं जाहीर केलं आणि सगळं नव्याने लिहिणं भाग पडलं. तेव्हाच ठरवलं, प्रोग्राम एवढाच ठेवायचा की चौघांपैकी कुणालाही एकट्याला तो दुरुस्त करता यावा.

कृषी दुकानाचं बिल दिसतं तेवढं सरळ नसतं. बियाण्याला लॉट नंबर, औषधाला बॅच आणि एक्स्पायरी. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८. त्यात निम्मं गिऱ्हाईक उधारीचं, सोयाबीन विकलं की पैसे. एकाच गावात एकाच नावाचे तीन तीन पाटील निघतात, म्हणून आमच्याकडे खातं शोधताना आधी गाव, मग नाव आणि शेजारी वडिलांचं नाव. काउंटरवरच्या पोराला माउसला हात लावायला वेळ नसतो. एंटर, एंटर, एंटर, बिल बाहेर.

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. खताचा दर १२ टक्के ठरला होता, तो कौन्सिलने आदल्या दिवशी, ३० जूनला, ५ वर आणला. तेही ऐन खरिपात! आमच्याकडे दर प्रोग्राममध्ये पक्का लिहिलेला नव्हता. एक साधा तक्ता आहे: वस्तू, दर, कोणत्या तारखेपासून. दुकानदारांनी फोनवर विचारून एक ओळ बदलली आणि सकाळी शटर उघडलं. २२ सप्टेंबर २०२५ ला सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ वर आली, तेव्हाही काम तेवढंच. एक पथ्य मात्र कडक पाळतो. बिलाला लागलेला दर त्या बिलातच साठवायचा. नाहीतर मागच्या वर्षीचं बिल पुन्हा छापलं की नव्या दराने निघतं आणि सीए डोक्याला हात लावतो.

सगळा डेटा एसक्यूलाइट या फुकट डेटाबेसच्या एका फाइलीत. सर्व्हर नाही, लायसन्सचा खर्च नाही. बिल सेव्ह होताना लाइट गेली तर ते पूर्ण नोंदलं जातं किंवा अजिबात नाही, अर्धवट राहत नाही. रात्री प्रोग्राम बंद करून ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली की बॅकअप झाला.

धंद्याचंही तसंच. सगळ्यांना एकच दर, दरवर्षी एप्रिलमध्ये नूतनीकरण, स्कीम नाही. मोटारसायकलवर जाऊन संध्याकाळपर्यंत परतता येईल तेवढ्याच गावांत विकतो: वैराग, कुर्डुवाडी, परांडा, भूम. आणि मृग लागला की दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत नवीन व्हर्जन काढत नाही, मग कुणी कितीही गळ घालो.

याची किंमतही मोजतो. चार शाखांचा एक मोठा वितरक आम्हाला सोडून गेला, कारण सगळ्या शाखांचा साठा त्याला एकाच स्क्रीनवर हवा होता. मागणी रास्त होती, पण ती पुरवायला प्रोग्रामचा पायाच बदलावा लागला असता. पगारपत्रक आणि मोबाइल ॲपलाही असाच नकार दिला. अनुदानाच्या खताची विक्री नोंदवायच्या पॉस मशीनवर आधार लावून अंगठा घेतला की विक्रीचा तोच आकडा आमच्याकडे पुन्हा टाकावा लागतो, ही दुकानदारांची कुरकुर रोजची आहे आणि खरी आहे.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो व्हॉट्सॲपवर उधारीची आठवण पाठवण्याचा. धाकट्या दोघांना ते स्वयंचलित हवंय. माझं म्हणणं, यादी प्रोग्रामने काढावी, पाठवायचं बटण दुकानदाराने दाबावं. कुणाच्या घरी लग्न आहे आणि कुणाचं सोयाबीन पावसात भिजलंय, हे त्यालाच ठाऊक असतं.