मुंबई विमानतळावरची रात्र: आत गेले आणि अडकले

नागपूरहून रात्री पावणेदहाला मुंबईत टी१ ला, म्हणजे टर्मिनल एकला, उतरायचं आणि सकाळी आठला टी२ वरून परदेशाचं विमान. मुलगी डब्लिनला असते, तिच्याकडे निघाले होते. नातेवाईक आहेत मुंबईत, पण बोरिवलीला. मध्यरात्री त्यांच्या दारात उभं राहायचं आणि पहाटे पुन्हा त्यांना उठवायचं, यापेक्षा विमानतळ बरा म्हटलं.

दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, म्हणजे पीएनआर (बुकिंगचे नंबर) दोन. परदेशी तिकीट ज्या कंपनीचं होतं तिच्या कॉल सेंटरवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं होतं, ‘मॅडम, बॅगा थेट जातील.’ नागपूरच्या काउंटरवर कळलं की पीएनआर वेगळा म्हणजे बॅगा मुंबईत उतरवून घ्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. वर वजनाचा घोळ. परदेशी तिकिटावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि देशातल्या तिकिटावर फक्त १५ किलो. जास्तीच्या वजनाचे पैसे मुकाट भरले. एकच तिकीट थोडं महाग पडलं तरी घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

टी१ हून टी२ ला टॅक्सीने गेले. वरच्या मजल्यावर निर्गमनाच्या दारात जवानाने तिकीट, पासपोर्ट बघितला आणि आत सोडलं. तेव्हा वाटलं, चला, सुटलो!

आत माझ्या कंपनीच्या काउंटरांची अख्खी रांग अंधारात. चौकशीला गेले तर उत्तर आलं, ‘उड्डाणाच्या तीन तास आधी उघडेल.’ म्हणजे पहाटे पाचला. घड्याळात साडेअकरा पण वाजले नव्हते. बॅगा दिल्याशिवाय इमिग्रेशनकडे जाता येत नाही, आणि धड जेवण, आरामाच्या खुर्च्या, दुकानं सगळं त्याच्या पलीकडे. अलीकडे कॉफीचा एक स्टॉल आणि मध्ये हात असलेल्या खुर्च्या. आडवं होता येऊ नये म्हणूनच ते हात बसवलेले असतात, याबद्दल माझी खात्री आहे.

मग आठवलं की खाली, आगमनाच्या बाजूला, सामान ठेवायची सोय असते. बॅगा तिथे टाकाव्यात, काहीतरी गरम खावं, म्हणून ट्रॉली ढकलत दारापाशी गेले. जवान म्हणाला, ‘मैडम, ऐसे बाहर नहीं जा सकते. एयरलाइन स्टाफ को बुलाइए.’ एकदा आत आलेल्या प्रवाशाला बाहेर पडायचं तर कंपनीचा माणूस सोबत लागतो, रजिस्टरमध्ये नोंद होते. म्हटलं, दादा, कंपनीचा माणूस काउंटर उघडल्यावरच येणार ना? तो म्हणाला, ‘हाँ जी.’ बाहेर पडायला जो माणूस हवा, तो आला की बाहेर पडायची गरजच संपते! हसावं की ओरडावं कळेना. त्याच्यावर राग नव्हता, तो नियमाने बोलत होता. कॉल सेंटरवरचा तो गोड आवाज मात्र रात्रभर कानात घुमत होता.

एकट्या बाईने दोन मोठ्या बॅगा घेऊन बाथरूमला कसं जायचं, याचा विचार हे नियम करणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही. सामान सोडून गेलं तर बेवारस ठरतं. शेवटी दिव्यांगांसाठीचं मोठं स्वच्छतागृह रिकामं दिसलं, तिथे ट्रॉलीसकट गेले. थंडी तर अशी की शेवटी जमिनीवर बसून बॅग उघडली. शाल तळाशी, म्हणून आधी चकल्या, मग मेतकूट, मग जावयाचा कुर्ता असं सगळं लोकांसमोर बाहेर आलं. शाल आणि मोजे पर्समध्येच ठेवा. मोबाईलचा चार्जरही.

पाच वाजून गेल्यावर काउंटर उघडला. तोवर रांग लागलेली, पण मी पहिली होते आणि ती जागा मी कोणाला देणार नव्हते.

पुढचं सगळं पटकन झालं. इमिग्रेशन, तपासणी, मग गरम इडली. टी२ च्या आत ‘जय हे’ नावाचं कलासंग्रहालय भिंतींवरच मांडलेलं आहे, राजीव सेठी यांनी रचलेलं. झोप नसताना सुद्धा ते बघत रेंगाळले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काउंटर उघडायच्या आधी आत जाऊच नका. बॅगा ठेवा, खालीच जेवा, बसा, आणि वेळ झाली की वर या. टी२ मध्ये तासांच्या हिशोबाने खोली देणारं हॉटेलही आहे. आधी बुक करा आणि खोली इमिग्रेशनच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे नक्की विचारा. पलीकडची असेल तर बॅगा घेऊन बसणाऱ्याला ती काही कामाची नाही. सामान कमी असेल तर भुयारी मेट्रो ३ ला टी१ आणि टी२ अशी दोन्ही स्टेशनं आहेत, पण रात्री उशिरा ती बंद होते. मेट्रो १ वरचं ‘एअरपोर्ट रोड’ नाव बघून मात्र तिथे उतरू नका, टर्मिनल तिथून लांब आहे.

आणि सुकं खोबरं काउंटरवर द्यायच्या बॅगेत भरू नका. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. माझ्या मागच्या सांगलीच्या काकूंना काउंटरवरच बॅग उघडून सगळ्या वाट्या बाहेर काढाव्या लागल्या.