यादीत आमचं नाव का नाही, भाऊसाहेब?

ग्रामसेवकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी मला बाजूला घेतंच. "भाऊसाहेब, गरिबांची यादी तुम्हीच करत होता ना? मग गरजवंताचं नाव नाही आणि ट्रॅक्टरवाल्याच्या घरातलं आहे, असं कसं?" त्याचंच उत्तर इथं सांगतो.

घरोघर आम्ही फिरायचो, पण प्रश्न वरून यायचे. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात 13 प्रश्न होते. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 52. गुण जितके कमी, तितकं घर गरीब. त्यात एक प्रश्न कपड्यांचा, माणशी किती? एका म्हातारीच्या ओसरीवर फॉर्म घेऊन बसलो होतो. ती ताठ होऊन म्हणाली, "आठ लुगडी हायती माझ्याकडं." दोरीवर दिसत होती दोन, त्यातलं एक दंड घातलेलं. शेजारीण उंबऱ्यात उभी, तिच्यादेखत दोन कसं सांगणार? आठ म्हणजे 3 गुण. ती म्हणाली तेच मी लिहिलं. तसं लिहायला नको होतं का, हे अजून ठरवता आलेलं नाही.

त्यातून गरीब कुटुंबं किती दाखवायची, याची कमाल मर्यादा नियोजन आयोगाच्या अंदाजावरून आधीच बांधलेली. त्यामुळे एकदोन गुणांनी घरं रेषेच्या वर जायची.

2016 पासून घरकुलाला 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेची यादी लागली. तिथं गुण गेले आणि वस्तू आल्या. तेव्हा दारात मोटारसायकल किंवा घरात फ्रीज असला, की नाव बाद व्हायचं. मग ती गाडी पोरानं दूध घालायला हप्त्यावर घेतलेली का असेना.

आणि ट्रॅक्टरवाला? ट्रॅक्टर बापाच्या नावावर. पोरानं विभक्त रेशनकार्ड काढलेलं, कागदावर तो भूमिहीन. खोटा म्हणावा तर कागद खरे.

असं नाव ग्रामसभेला वगळता यायचं. नवं नाव मात्र सरळ घालता येत नव्हतं. मी माइकवर एकेक नाव वाचायचो, "हरकत आहे का कुणाची?" मारुतीच्या देवळात शंभर माणसं, सगळ्यांच्या नजरा फरशीवर. ठराव मंजूर. दिवेलागणीला मात्र चौघेजण माझ्या खोलीवर यायचे, एकमेकांना चुकवून.