आईचा गुडघा आणि शंभर चेहऱ्यांचा कागद

इथे बर्मिंगहॅमला माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर हिशोब केला: १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका १० टक्के. आता गोळीचं नाव सांगतील म्हणून मी सरसावलो, तर त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर शंभर गोल चेहरे. म्हणाल्या, तुमच्यासारखे १०० जण धरा. गोळी नाही घेतली तर १० जणांना त्रास होईल. सगळ्यांनी रोज स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेतली तर त्यातले साधारण ४ वाचतील, ६ जणांना तरीही होईल. बाकी ९० जणांना तसंही काही होणार नव्हतं. "मग, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार! मी नागपूरच्या धंतोलीत वाढलेला, जिथे दोन घरं सोडली की एक दवाखाना. "तुम्हीच सांगा ना" हेच तोंडातून निघालं. त्या हसल्या आणि कागद घरी न्यायला सांगितला. शेवटी आधी काही महिने खाणं-चालणं सांभाळून बघायचं ठरलं.

सगळं गोड आहे असं नाही. इथे गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन्‌महिने रांग असते, नागपुरात पुढच्या आठवड्याची तारीख मिळते.

तर दिवाळीत घरी आलो तेव्हा आईचा गुडघा. केबिनमध्ये आम्ही पाच जण: आई, मी, भाऊ, वहिनी आणि मामा. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. "गॅप राहिलाच नाही. बदलून घ्या." मी शिकून आलेले प्रश्न काढले: फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय काय, आणि काहीच नाही केलं तर? आईने कोपर मारलं. "किती विचारून राहिला रे बापा! बाहेर लोक बसले आहेत."

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "काकू, तुम्हाला गुडघ्याने काय काय करायचंय?"

"तिचं दुखणं थांबलं पाहिजे," मी म्हणालो.

"मी काकूंना विचारलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेशंटचं पेशंटनेच ठरवायचं, असे इंग्लंडच्या कोर्टाचे दाखले देत फिरणारा मी, पण २००८ साली आपल्याच सुप्रीम कोर्टाने हे सांगून ठेवलंय. त्या खटल्यातली बाई भुलीखाली होती, तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. शुद्धीवर आल्यावर स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान माणसाच्या बाबतीत, जिवावर बेतलेलं नसताना, आईची संमती चालत नाही, असं कोर्ट म्हणालं. मुलाची तरी कुठून चालणार?

आई पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या वेळी खाली बसून स्वयंपाक करता येईल का?"

"मांडी घालून, उकिडवं बसू नका असंच आम्ही सांगतो."

"मग यंदा नको. दुखलं तर दुखलं."

मामा तोंड उघडणार होते, वहिनीने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. वजन कमी करणं आणि व्यायाम ठरला. नाही जमलं तर पुन्हा बोलू, म्हणाले डॉक्टर.

काल व्हिडिओ कॉल लावला तर आई पलंगावर पाय पसरून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघा खाली दाबायचा, धरायचा, सोडायचा.

"आई, ऐक ना..."

"थांब, मोजून राहिली मी. सात, आठ..."