समृद्धीवरून नागपूर ते आमणे: १२० ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे

आईबाबांना घेऊन ठाण्याला जायचं होतं. ५ जून २०२५ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि समृद्धी महामार्ग सलग ७०१ किलोमीटरचा झाला, तेव्हा अख्खा प्रवास त्यावरूनच करायचं ठरवलं. नागपूरहून पहाटे साडेपाचला निघालो. तुम्हीही पहाटेच निघा, ऊन पाठीशी राहतं. उशिरा निघालात तर मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांत येतो.

टायरचं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं. टायर थंड असतानाच हवा तपासावी, आणि गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा दिलेला असतो तोच धरावा. टायरच्या कडेवर चार आकडेही कोरलेले असतात. आमच्या स्टेपनीवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी, पण कडेला अंगठा दाबला तर केसासारख्या चिरा उघडल्या. लगेच बदलली. विदर्भातल्या उन्हात कमी हवेचा टायर तासन्‌तास पळवला की तो तापून फुटायला वेळ लागत नाही.

वर्धा मागे पडलं की रस्ता इतका सरळ आणि मोकळा होतो की १२० हा वेगच वाटत नाही. कारंज्यानंतर आईने विचारलं, "मालेगावचा फाटा गेला का रे?" मला सांगता येईना. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, काटा ११८वर, आणि मागचे दहा-बारा किलोमीटर कसे गेले याचा पत्ताच नाही. पोटात गोळा आला. याला महामार्ग संमोहन म्हणतात, आणि ते डुलकीच्याही आधी येतं. पुढच्या थांब्यावर गाडी घेतली, तोंड धुतलं, पंधरा मिनिटं पाय मोकळे केले. त्यानंतर काटा १००च्या वर जाऊ दिला नाही आणि दर सव्वाशे किलोमीटरला थांबलो.

१२०ऐवजी १००ने गेलं तर शंभर किलोमीटरमागे फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. १२०ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागला तर ५० मीटर नुसतेच जातात. त्यात ट्रकला मर्यादा ८०ची. २०० मीटर पुढे दिसणारा ट्रक १८ सेकंदांत तुमच्या बॉनेटसमोर येतो, आणि रात्री त्याचे मागचे दिवे बंद असले तर तेवढेही मिळत नाहीत.

सिंदखेडराजाजवळ बाबा गप्प झाले. १ जुलै २०२३ला मध्यरात्र उलटून गेल्यावर याच भागात खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. मध्यरात्र ते पहाट हा वेळ कृपा करून टाळा. चालक कितीही अनुभवी असो, त्या वेळी शरीराला झोप हवीच असते.

दोन ठिकाणी लोक कडेला गाडी लावून फोटो काढत होते, लहान मुलं मोकळी. फार राग आला. गाडी बंद पडली तरच तिथे थांबायचं: चारही इंडिकेटर सुरू, त्रिकोण बराच मागे, सगळे जण रेलिंगपलीकडे आणि मग ११२ किंवा १०८ला फोन. डिझेल-पेट्रोल मात्र निघतानाच पूर्ण भरा.

इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा येण्याआधी गॉगल काढा, हेडलाइट लावा आणि आत लेन बदलू नका. बाहेर पडताना उजेड एकदम अंगावर येतो, तेव्हा पुढच्या गाडीपासूनचं अंतर आधीच वाढवून ठेवा.

आमणेला उतरताना मला वाटलं, गाडी रांगतेय. काट्यावर ७२ होतं आणि समोर रॅम्पचं वळण. तासन्‌तास वेगात राहिल्यावर अंदाज असा चुकतो. तिथे मनाचं ऐकू नका, काटा बघूनच ब्रेक दाबा.