अंगठा लागत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात माझं सेवा केंद्र आहे. नोव्हेंबर म्हणजे आमची सुगी. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले बहुतेक याच महिन्यात, त्यामुळं बाहेरचा बाक सकाळी नऊलाच भरतो.

गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आजी आल्या. पिशवीत आधार कार्ड, पासबुक आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा कागद. मशीनवर अंगठा ठेवला. नाही. दुसरा ठेवला. नाही. मग एकेक करत दहाही बोटं झाली. मी काचेवर सेलोटेप मारून धूळ काढली, त्यांना बोट केसांवर घासायला लावलं (तेलाच्या ओशटपणानं कधीकधी काम होऊन जातं), ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. लागेना.

चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं ती. मांडीवर सूप, पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे हे सगळं दिवसाला हजार वेळा. मी त्यांचं बोट उजेडाकडं धरलं. देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत. रेषा म्हणून काही उरलीच नव्हती.

"आजी, अंगठा लागत नाही. पुढच्या आठवड्यात बघू," म्हणालो आणि सवयीनं वही ओढली. आजींनी तोवर पन्नासची नोट टेबलावर ठेवलीसुद्धा. वहीची पानं चाळताना नाव दिसलं. आधीच्या पानावर तेच नाव, त्याच्या आधीच्या पानावरही तेच. पुढं ५०, ५०. अक्षर माझंच.

माझा नियमच तसा होता. भिंतीवर बोर्ड होता : 'अंगठा न लागल्यास पैसे परत मिळणार नाहीत.' मशीनला वेळ जातो, नेट जातं, असं माझं त्यामागचं गणित. बोर्ड मराठीत; आजींना अक्षरओळख असलीच तर ती तेलुगूची. पासबुकात पेन्शन हजार रुपये. ईपीएस-९५ या कामगारांच्या पेन्शन योजनेची ही किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली, ती तिथंच थांबलीय. त्यातले दीडशे दाखला न निघताच माझ्या गल्ल्यात.

चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ मध्येच आलीय, आणि मला ती येते. मग आधीच्या दोन खेपांना का केलं नाही? खरं सांगायचं तर वेळ खाते म्हणून. मोबाइल धरा, उजेड बघा, मागं कोरी भिंत शोधा. तेवढ्यात माझे तीन अंगठे उरकतात.

आजींना शेजारच्या भिंतीपुढं उभं केलं. "डोळ्यांची उघडझाप करा." त्यांनी देवापुढं मिटावेत तसे डोळे घट्ट मिटले आणि मिटूनच ठेवले. रांगेतल्या एका बाईंनी तेलुगूत समजावलं, करूनही दाखवलं. आता त्या बाईंचे डोळे लवायचे आणि आजी टक लावून त्यांच्याकडं बघायच्या. बाकावरचे सगळे हसायला लागले, आजीही. बहुतेक त्या हसण्यातच पापण्या लवल्या आणि कॅमेऱ्यानं चेहरा घेतला.

दाखला छापून दिला, वर दीडशे रुपये ठेवले. आजींनी नोटा मोजल्या, त्यातली एक परत सरकवली. "आज झालं की काम. आजचं घे की, बाबा."

घेतली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बोर्ड त्याच संध्याकाळी काढला. पलीकडच्या गल्लीतला केंद्रवाला म्हणाला, "वेडा आहेस. गावातले सगळे झिजलेले अंगठे तुझ्याकडंच येतील."

आलेच. या नोव्हेंबरात त्या भिंतीपाशी एक स्टूल कायमचं ठेवलंय. रोजची गिऱ्हाइकं कमी उरकतात, बायको गल्ला बघून कुरकुरते, आणि तिचंही काही चुकत नाही.