कॅरॅव्हॅनची शाकारणी

२६ मे

काल रात्री वळीव झाला. पाऊण तास धो धो कोसळला. सकाळी कॅरॅव्हॅनचं, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचं, दार उघडलं तर आधी वासच आला, बंद ट्रंकेत ओली गोधडी राहिली की येतो तसा. मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या गादीवर हात ठेवला, तळवा ओला. गादी उचलून भिंतीवर अंगठा दाबला. आतली प्लाय दबली, आणि अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

बराच वेळ तिथेच बसून होतो. गाडी घरी येऊन अवघे बारा दिवस झालेत. कुंभार्ली घाटातून ती मागे ओढत आणताना प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरला होता. २०२१ साली सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हापासून हे डोक्यात होतं. आईचे गुडघे गेलेत, हॉटेलचे जिने तिला होत नाहीत. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. गुहागरहून निघून सागरी महामार्गाने खाड्या ओलांडत, वाटेल तिथे थांबत, तिला तिच्या गावी न्यायचं, एवढ्यासाठी ही गाडी. विकणाऱ्याने 'सहा वर्षांत एक थेंब आत आलेला नाही' असं तोंडावर सांगितलं होतं.

२७ मे

त्याला फोन केला. म्हणाला, कोपऱ्यात थोडं सिलिकॉन मारा, होऊन जाईल.

मग शिडी लावून वर पाहिलं. त्या कोपऱ्यात सिलिकॉन आधीच मारलेलं होतं, बोटभर जाड, पांढरं, वरून रंगाचा हात. म्हणजे कुणाला तरी हे ठाऊक होतं. मला राग गळतीचा आला नाही, या रंगाच्या हाताचा आला. गळती सांगितली असती तर मी गाडी तरीही घेतली असती, पाच-पन्नास हजार कमी देऊन, आणि गाडी आल्याआल्या उन्हात काम उरकलं असतं. आता रोहिणी लागल्यात.

दुपारी आईला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून कोकमं सोलत होती. म्हणाली, "अरे, कौलातून गळतं तेव्हा थेंब पडतो तिथलं कौल कधी फुटलेलं असतं का? पाणी वाशावरून चालत येतं. वरच्या अंगाला बघ."

तिने हे आयुष्यभर पाहिलंय. दर वैशाखात आमच्याकडे शाकारणी व्हायची. माणसं वर चढून कौलं परतायची आणि आई माजघरात उभी राहून उजेडाची भोकं दाखवायची.

२८ मे

ही भिंत कशी बांधलेली असते ते आज नीट समजून घेतलं. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून तीन मिलिमीटरची प्लाय आणि त्यावर कागद, मधे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि थर्माकोल. छताचा पत्रा भिंतीच्या पत्र्याला भेटतो तिथे ॲल्युमिनियमची लांब पट्टी स्क्रूने आवळलेली असते. पट्टीखाली कणकेसारख्या मऊ सीलंटचा थर, आणि स्क्रूंची डोकी झाकायला वरून प्लॅस्टिकची फीत. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. ते भोक बंद ठेवतो तो हा थर, आणि वर्षांनी तोच वाळून कडक होतो. रस्त्यावर सांगाडा सारखा पिळवटत असतो, त्यात वाळलेल्या थराला केसाएवढी भेग पडली तरी पुरते. आत शिरलेलं पाणी लाकडाच्या अंगाने खाली उतरतं. प्लाय आणि पत्रा यांच्यामध्ये ते महिनोन् महिने बसून राहिलं तरी वरचा कागद कोराच दिसतो.

३० मे

ओल मोजायचं यंत्र मागवलं होतं, ते आलं. दोन टोकदार सुया लाकडात टोचायच्या, ओलीच्या टक्क्यांचा आकडा येतो. पंधराच्या खाली कोरडं, विसाच्या वर लक्ष ठेवायचं, तिशीच्या वर लाकूड कुजायला लागलं असं धरतात. पण आपल्याकडची हवाच ओली. म्हणून आधी घराच्या सागवानी दारावर टोचून पाहिलं, तिथेच सोळा. मग गाडीतला सगळ्यात चांगला कोपरा, पुढचा डावा, तोही सोळा. हा माझा कोरडा आकडा ठरला.

त्यानंतर भिंतीवर वीतभर अंतराने टोचत गेलो आणि प्रत्येक जागी शिसपेन्सिलीने आकडा लिहिला. गादीपाशी अडतीस. वर जाताना चौतीस, एकतीस, सव्वीस. दोन्ही बाजूंना लगेच अठरा. सगळं लिहून झाल्यावर मागे सरकून पाहिलं तर भिंतीवर जिभेसारखा आकार उमटला होता, खाली रुंद, वर निमुळता. जिभेचं मूळ होतं बाहेरून वर लावलेल्या लाल दिव्याच्या मागे.

पाण्याची एवढी स्वच्छ वाट समोर दिसली तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

१ जून

मेस्त्री आले. पाण्याचा पाइप घेतला, पण जोर न लावता, नुसता झिरपता. सुरुवात खालून. वरून पाणी सोडलं तर ते सगळ्या सांध्यांवरून ओघळतं, मग दोष कुणाचा ते कळत नाही. आत बायको टॉर्च घेऊन बसली. सगळ्या सांध्यांखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, थेंब लागला की कागद लगेच काळवंडतो.

खिडकीचं खालचं रबर, दहा मिनिटं. काही नाही. खिडकीची वरची कड, दहा मिनिटं. काही नाही. बाहेरच्या कनातीची पट्टी, काही नाही. मग लाल दिवा. चौथ्या मिनिटाला ही आतून ओरडली, "आलं, आलं!" धावत आत गेलो. दिव्याजवळचा कागद कोरडा होता. दोन हात खाली, कपाटाच्या पाठीशी, प्लायच्या कडेला एक थेंब लोंबत होता. टॉर्चच्या उजेडात तो हळूहळू फुगला, लांबट झाला, सुटला. मग दुसरा.

मेस्त्रींनी दिव्याचे दोन स्क्रू काढले. मागचा रबरी वायसर हातात चुरा होऊन आला.

रात्री आणखी एक गोष्ट सापडली. एकही नळ चालू नसताना पाण्याचा पंप मधूनच टुक करून सुरू होत होता. पंप दाब राखण्यापुरता चालतो, म्हणजे दाब कुठेतरी सुटत होता. बेसिनखालची एक क्लिप घाटात ढिली झाली होती, ती आवळली आणि पंप गप्प झाला.

४ जून

जुनं सिलिकॉन काढण्यात दीड दिवस गेला. लोखंडी पाते वापरायचे नाही, पत्र्याला ओरखडे पडतात. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं, बोटाने चोळून गुंडाळ्या काढायच्या. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर पुढे काहीच धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणूनच ते फासणाऱ्याचा एवढा राग येतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं.

स्क्रू गंजून बारीक झाले होते आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचली होती. ॲल्युमिनियमला लोखंड लागलेलं, वर खारा वारा. सगळे बदलून स्टेनलेसचे घातले, प्रत्येक सीलंटमध्ये बुडवून. पट्टीखाली ब्यूटाइल रबराची नवी फीत, राखाडी, चिकट. ती लवकर दगड होत नाही, सांधा हलला की त्याच्याबरोबर हलते. स्क्रू एकदम आवळले नाहीत. उन्हात फीत नरम झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा-अर्धा फेरा दिला, बाजूने आलेली जास्तीची फीत कापून टाकली.

आतली प्लाय कापून काढली. तिच्यामागची लाकडी पट्टी नखाने उकरली जात होती, भिजलेल्या खारकेसारखी. तिथे मेस्त्रींनी आमच्या जुन्या घराच्या खिडकीची सागवानी पट्टी तासून बसवली. आजोबांनी केलेली खिडकी होती ती.

७ जून

मृग आजउद्या लागेल. मेस्त्री म्हणतात, "भाऊ, आता प्लाय मारून बंद करू या, पावसाचं काय खरं नाय." मी नाही म्हटलं. भिंत उघडी आहे, दिवसभर पंखा, रात्री हॅलोजन दिवा. संध्याकाळी खारा वारा सुटला की दार-खिडक्या बंद. आकडा अडतीसवरून तेवीसवर आलाय. ओल आत ठेवून वरून झाकणं हेच तर आधीच्या माणसाने केलं. वर ताडपत्री बांधली आहे, पण पत्र्याला टेकवलेली नाही. बांबूंवर वीतभर उंच, म्हणजे खालून वारा खेळेल.

११ जून

काल अठरा आला तेव्हा प्लाय बसवली. रात्री पाऊस लागला, आता थांबायचं नाव नाही. मुद्दाम ताडपत्री काढून गाडीतच झोपलो.

अडीचला जाग आली. छतावर इतका आवाज होता की समुद्राची गाज ऐकू येत नव्हती. खिडकीच्या ॲल्युमिनियमवर सगळीकडे बारीक दव जमलं होतं आणि क्षणभर छातीत धस्स झालं. पण दव सगळीकडे सारखं बसतं, गळती एकाच वाटेने येते. हे माझ्याच श्वासाचं पाणी होतं. खिडकी बोटभर उघडली. मग मागच्या कोपऱ्यातल्या वर्तमानपत्राच्या पट्टीला हात लावला. कुरकुरीत. सुया टोचल्या, अठरा. भिंतीवर तारीख घालून लिहिला.

सकाळी आईने पडवीतूनच विचारलं, "गळली का रे?"

"कोपरा कोरडा आहे," म्हटलं. "पुढच्या खिडकीखालचा कागद थोडा मऊ लागतोय."

"मग तिथलं वरचं बघ," म्हणाली.

पाऊस जरा उघडला की शिडी तिकडे लावतो.