मनातले मांडे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते. पुरण वाटता वाटता हात कधी थांबला कळलंच नाही. आई म्हणाली, "काय इचार करी ऱ्हायनी व?" म्हटलं, "काही नाही, मनात मांडे भाजतेय." "ते मंग. पहिले पुरण वाट."

'दिवास्वप्न' हा शब्द मला प्रश्नपत्रिकेतला वाटतो. 'मनोराज्य' भारदस्त खरं, पण राज्य म्हटलं की कारभार आला. मनात मांडे खायला नुसती भूक पुरते. मांडे म्हणजे संस्कृतातला मंडक. १२ व्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्ये तो आहे. ग्रंथाच्या नावातही मन आहेच!

बाकी महाराष्ट्राला मांडे बहुतेक म्हणीतच भेटतात. आमच्याकडे खानदेशात ते चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर असतात. तिंबून तिंबून सैल केलेली कणीक, आत पुरण, आणि मग लाटणं बाजूला ठेवून नुसत्या हातांवर खेळवायचं. मुठीएवढा गोळा बघता बघता कोपरापर्यंत पसरतो. काकूच्या हातावरचा मांडा इतका पातळ, की पलीकडचा जाळ दिसावा. जरा लक्ष हललं की भोक.

मनातलंही तंत्र हेच. केळीला भाव फुटला एवढं कानावर पडायचा अवकाश, मी सासरच्या घरावर मजला चढवते. जिना पुढून की मागून, यावर नवऱ्याशी मनातच भांडूनही होतं. मग मे महिन्यातलं वादळ येतं आणि बाग आडवी. मनात मांडे, पदरात धोंडे म्हणतात ते हेच. पण धोंडे वादळानं टाकले, त्यात मांड्यांचा काय दोष?

मुक्ताईच्या कथेत विसोबांमुळे कुंभार खापर देत नाही, तेव्हा ज्ञानदेव पाठ तापवतात आणि ती त्यावर मांडे भाजते. तिची समाधी इथंच, मुक्ताईनगर तालुक्यात. म्हणजे खापराशिवाय मांडे भाजण्यावर आमचा थोडा हक्क आहे असं मी आपलं धरून चालते.

सकाळी काकूनं गोळा माझ्या हातावर दिला. चांगला मनगटाच्या पुढं गेला होता. खापरावर टाकणार एवढ्यात मधोमध फाटला. जिना मागूनच घेतलेला बरा, असं नुकतंच ठरत आलं होतं.